उष्टी खूण

माझे मामा किसनराव यांचा घात झाला तो यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटांनी. मिनिट इतकं नेमकं सांगते, कारण ते एका फोनमध्ये अजून तसंच आहे. घात हा शब्दही मुद्दाम लिहिते. पंचनाम्यात ‘विजेचा धक्का लागून’ असं आलंय, गावात ‘भोग होता’ म्हणतात, आणि मामीला भेटायला येऊन गेलेल्या काही शहाण्यांनी ‘फ्यूज काढायला नको का माणसानं’ हेही ऐकवून घेतलं. विहिरीत मोटारीच्या केबलचा जोड उघडा पडला होता. फोनवरून मोटार बंद केलेली होती, तशी ती बंद असल्याचं यंत्रानं त्यांना सांगितलंही होतं. आत उतरून ते त्यावर टेप गुंडाळत होते, आणि जोड हातात असताना मोटार चालू झाली. कुणीतरी ती गावात, आपल्या घरात बसून चालू केली होती. आणि ज्यानं केली त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

नैवेद्य दाखवायला घरधनी पाहिजे म्हणून शेवंतामामी बोलवायला रानात गेली, तेव्हा तिला कळलं. आम्हाला आखाडा बाळापूरला फोन आला तेव्हा आईचे हात पुरणात होते. मामा तिचा धाकटा भाऊ. तिनं हात धुतले नाहीत, तसेच पदराला पुसले आणि चल म्हणाली. डोंगरकड्याच्या रस्त्यानं जाताना ती एकदाही रडली नाही. तिच्या पदराला पुरणाचा वास येत होता, एवढंच मला आठवतं. मामांच्या घरी महालक्ष्म्या साड्या नेसून, मुखवटे लावून उभ्या होत्या. सुतक पडलं. त्यांचं जेवण झालंच नाही.

मोबाईल स्टार्टर काय असतो ते शेती न करणाऱ्या वाचकांना सांगायला हवं. मोटारीच्या पेटीशेजारी एक डबा बसवतात, त्यात सिमकार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन लावायचा, चार आकडी पासवर्ड दाबायचा, मग एक दाबला की मोटार चालू, दोन दाबला की बंद. फोनमधली बाई तसं बोलूनही दाखवते. लाईट कधी येईल याचा नेम नसलेल्या आमच्या भागात या डब्यानं माणसांच्या किती खेपा वाचवल्या, विंचू-काट्याचं भय किती कमी केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. डब्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की तो येतानाच एक-दोन-तीन-चार हा पासवर्ड घेऊन येतो. प्रत्येक डबा, प्रत्येक घरी, तोच. विकणारा ‘हा बदला’ म्हणत नाही. डबा स्वतः कधी अडून बसत नाही की आधी माझी किल्ली बदल, मग मी चालेन. सोबतच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत. ज्याला ते वाचता येत नाही त्यालाच तो डबा विकायचा असतो.

मामा जेमतेम सातवी शिकलेले. हळदीचं रान, दोन म्हशी. हळद शिजली का ते कढईतलं एक कांडं उचलून त्यात काडी टोचून बघायचे, आणि ती काडी त्यांनी माझ्या पत्रकांनाही लावली. मी कॉलेजात असल्यापासून आमच्या संघटनेची पत्रकं लिहिते. मामा पत्रक हातात धरून सावकाश, ओठ हलवत वाचायचे आणि म्हणायचे, “शिजलं न्हाई अजून. वरून पिवळं झालंय नुसतं.” मला पुढारीणबाई म्हणायचे. पार भरलेला असला तरी म्हणायचे, “सरका रे, पुढारीणबाई आल्या, आता आपल्याला आपलं दुःख समजावून सांगत्यान.” मी चिडायचे. मग पत्रक पुन्हा लिहायचे, आणि दुसऱ्या वेळी ते बरं व्हायचं.

त्यांच्या घरात खुणेचा रिवाज होता. पूर्वी तो बऱ्याच घरांत असावा, मामांनी तो शेवटपर्यंत पाळला. बाजारातून किंवा रानातून कुणा माणसाला घरी काही आणायला धाडलं, तर सोबत एक खूण सांगायची, नवराबायको दोघांनाच ठाऊक असलेली. ‘म्हणावं, सकाळी कढीला दोनदा फोडणी दिलती.’ माणसानं दारात येऊन हे सांगितलं की मामी वस्तू काढून देणार. नाही सांगितलं, तर माणूस सख्खा भाऊ असला तरी नाही. मी एकदा स्कूटीवर फवारणी पंपाची बॅटरी न्यायला गेले. मामी चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, “खूण?” मी हसले. ती हसली नाही. “मामी, मी तुमची भाची आहे,” म्हटलं. “ते दिसून राहिलंय मला. खूण कुठं हाय?” शेवटी मी मामांना फोन लावून स्पीकरवर टाकला, तर मामाच उलटले. “फोनवर मी बोललो म्हणून का झालं? माझा आवाज कुणीबी काढील. तिला सांग, उंबराखालची चप्पल तुझ्या भावाची न्हाई, माझीच हाय.” मामी पदर तोंडाला लावून हसली आणि बॅटरी बाहेर आली. काय भांडण होतं त्या चपलेचं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि कळू नये हेच बरोबर होतं.

दुसरा नियम असा, की एकदा वापरलेली खूण पुन्हा चालायची नाही. ती उष्टी. त्या निरोप्याला ती कळली, दारात उभ्या असलेल्या शेजारणीनं ऐकली, मेली ती. पुढच्या वेळी नवी, आणि दर कामाला वेगळी. मला हे सगळं गमतीचं वाटायचं. पाहुण्यांना सांगायची गोष्ट म्हणून मी ती सांगायचे. तिच्यातून काही शिकायचं असतं हे मला सुचलं नाही. शिकवायला मी गेले होते ना…

दोन वर्षांपूर्वी त्या गावात मोटारींचा खेळ सुरू झाला. कुणीतरी बाहेरून फोन लावून मोटारी चालू करायचं, बंद करायचं. एकाची मोटार दिवसभर कोरडी फिरून जळाली. एक-दोन-तीन-चार सगळ्या जगाला पाठ, दुसरं काय होणार. आम्ही मोहीम काढली. पत्रक मीच लिहिलं: ‘कंपनीचा पासवर्ड म्हणजे उघडं दार’. मामांनीही ते शिजलंय म्हणून पास केलं. मग मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि तिथं माणसं जे बोलली ते खोटं नव्हतं. एक म्हातारे म्हणाले, “मला माझ्या लेकाचा नंबर ध्यानात राहीना, ह्याचा कुठून राहील?” दुसरा म्हणाला, “मी दवाखान्यात पडलो, इकडं मोटार चालू राहिली, तर बंद कोण करील? शेजाऱ्यालाच सांगावं लागतंय ना.” माझ्या डोक्यात घोषणा तयार झाली. घोषणा तयार झाली की मला थांबता येत नाही. एक गाव एक गणपती असतो, तसा ‘एक गाव, एक पासवर्ड’. बाहेरच्याला कळणार नाही, गावातला कुणी विसरणार नाही, अडीनडीला कुणीही कुणाची मोटार बंद करील. देवळाच्या चौकटीवर जीर्णोद्धाराचं साल कोरलेलं आहे, तेच चार आकडे घेतले. टाळ्या पडल्या. ते साल मी इथं लिहीत नाही, कारण तीन-चार घरांनी ते अजून बदललेलं नाही.

मामा एकटेच उठून बोलले. “समद्या गावाला एकच असंल तर ती खूण कशी? ती दवंडी झाली.” लोक हसले. मला तेव्हा वाटलं, माझ्यावर हसले. मी भाषण करायच्या आवाजात विचारलं, “मामा, या गावात परकं कोण आहे ते सांगा.” मामा खाली बसले. हा प्रश्न मी उत्तर मिळवायला विचारला नव्हता, जिंकायला विचारला होता. भरल्या पारावर कोण कुणाला परकं म्हणेल? असे प्रश्न मला येतात, शिकवलेले आहेत. बैठक मोडल्यावर मामा स्कूटीपर्यंत सोबत आले. म्हणाले, “माय, परकं तर दारातच वळखू येतंय. त्याच्यासाठी कुत्रं हाय. खूण असती ती आपल्याच माणसाची चूक धरायला.” मी हेल्मेट घालत होते. ‘हो मामा’ म्हटलं आणि गाडी चालू केली. ऐकलं होतं मी ते. पण त्या दिवशी मी टाळ्या घेऊन घरी चालले होते.

आठवडाभरात घरोघर जाऊन आम्ही डब्यांत तेच चार आकडे भरले. मामांच्या डब्यात मी स्वतः भरले. काही डब्यांची सिमकार्डं जुनी, बंद पडलेली होती, तर नवी आम्हीच एका गठ्ठ्यानं आणून दिली. गठ्ठ्यातली म्हणून त्यांचे नंबर ओळीनं लागले. मामांचा शेवट सातावर, बांधाशेजारच्या अण्णांचा आठावर. लक्षात ठेवायला सोपं म्हणून तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं.

अण्णा हे त्यांचं नाव नाही. मामांच्या वयाचे, लहानपणापासूनचे सोबती. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी मामीकडे होते, तेव्हा ते अंगणात आले आणि मला म्हणाले, “जरा इकडं ये बाई. बस.” मी बसले तर ते उभेच. खिशातून एक फोन काढला, सुनेचा. महालक्ष्म्यांच्या दिवशीची फोनची यादी काढून माझ्यापुढं धरली. नऊ वाजून अकरा मिनिटं. पुढं मामांच्या डब्याचा नंबर.

“पावसानं ताण दिलता,” अण्णा म्हणाले. “म्हणलं, जेवायच्या आधी हळदीला पाणी फिरून जाईल. आंघोळ करून सोवळ्यात होतो, माझा फोन चार्जिंगला होता. सुनेचा घेतला. नंबर तोंडपाठ हाय मला. बोट घसरलं का डोकं, देवाला ठाव.”

“मग?”

“मग काय. फोनमधली म्हणली पासवर्ड दाबा. दाबला. मग एक दाबला. म्हणली, मोटार चालू झाली हाय. बराबरच तर म्हणली ती. झालीच की चालू… एवढा गोंधळ उठला, मी बी पळालो विहिरीवर, मीच वर काढलं त्याला. तिसऱ्या दिवशी रानात गेलो तर माझं रान कोरडं ठाक. तवा मला कळालं.”

“एवढे दिवस काहून सांगितलं नाही अण्णा?”

“सांगून कुणाला उठवून आणणार होतो?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. खरं सांगते, कुणावर तरी ओरडायला मिळावं म्हणून मी तेरा दिवस वाट बघत होते. कुणी दुश्मनी केली असती, तर मला बरं वाटलं असतं. मोर्चा काढला असता, नाव घेतलं असतं, पत्रक लिहिलं असतं. पण समोर एक थकलेला माणूस सुनेचा फोन धरून उभा होता, आणि त्याचा दोष एवढाच की आठाऐवजी सात दाबला गेला. रोज किती चुकीचे नंबर लागतात आपल्याकडून. समोरचा ‘कोण पाहिजे’ म्हणतो, आपण ठेवून देतो. त्या डब्यानंही कोण पाहिजे विचारलं होतं, पासवर्ड मागितला होता. मामांचा वेगळा असता, तर ‘चुकीचा पासवर्ड’ असं ती बाई म्हणाली असती. अण्णा ‘अरेच्चा’ म्हणाले असते, पुन्हा नीट नंबर लावला असता, आणि मामा टेप गुंडाळून वर येऊन पुरणपोळी जेवले असते. मी म्हटलं, “अण्णा, तुमची चूक एका आकड्याची आहे. माझी चारही आकड्यांची आहे.” त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, “शेवंताला सांगायचंय. मला एकट्याला जमंना.”

आम्ही दोघं आत गेलो. मामी भिंतीला टेकून बसली होती. अण्णांनी सगळं पुन्हा सांगितलं, अडखळत, खाली बघत. मामीनं फोन हातात घेतला नाही. मग मला म्हणाली, “अण्णाला च्या टाक.” अण्णा रडले. चहा गार झाला तरी घेतला त्यांनी. हे छापायला दोघांनीही हो म्हटलंय. गावाचं नाव तेवढं लिहू नको, असं मामीनं सांगितलं.

अण्णा गेल्यावर मामीनं जे सांगितलं, ते मात्र मला पेलवत नाही. म्हणाली, “तुझे मामा लई डाव म्हणले, आपला येगळा ठिवतो. एकदा फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठिवला. मी म्हणलं, काहून? तर म्हणले, पोरगी चार माणसांत बोललीया. तिच्या मामानंच ऐकलं न्हाई तर तिचं कोण ऐकील? जरा दम धर. शाणी हाय, तिचं तिला कळंल. मग बदलू.”

दोन वर्षं थांबले ते. मला कळायची वाट बघत थांबले. मधल्या काळात मी त्या घरी कितीतरी वेळा जेवले, मामांनी माझ्या पत्रकांना नावं ठेवली, पुढारीणबाई म्हणून हसले, पण त्या चार आकड्यांबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. माझा शब्द पडू नये म्हणून. माणसाचा मान राखणं आपल्याकडे मोठं मानतात. मीही मानत होते. आता कुणी माझ्या म्हणण्याला मान डोलावली की मला भीती वाटते.

गेल्या आठवड्यात दुपारी एक ओळखीचे गृहस्थ मामांनी पूर्वी कबूल केलेली ताडपत्री मागायला आले. मामी सवयीनं आतूनच म्हणाली, “खूण?” ते गोंधळले. मामीला उशिरा ध्यानात आलं. ताडपत्री तिनं काढून दिली, पण नंतर तासभर ती त्या कोपऱ्यातच उभी होती, जिथून ती काढली होती.

आता मी पुन्हा घरोघर जाते आहे. एकेका डब्यापाशी बसते, ज्याचा त्याला वेगळा पासवर्ड ठेवायला लावते, आणि त्या घरच्या फोनांचे तेवढेच नंबर डब्यात नोंदवायला सांगते, म्हणजे दुसऱ्या फोनचं तो ऐकत नाही. दमायला झालंय. लोक वाईट नाहीत. बस म्हणतात, पाणी देतात आणि ‘उद्या करू’ म्हणतात. एक म्हणाला, “आता कशाला? किसनरावाच्या नशिबात व्हतं, गेला.” त्याचा फोन घेऊन मी तिथंच बसून राहिले, शेवटी कंटाळून त्यानं बदलला. जवळच्याच साखरा गावात एका ओसरीवर कॅमेरा आहे, पुण्याच्या लेकानं आईकडे लक्ष राहावं म्हणून बसवलेला. पासवर्ड खोक्यातून आला तोच. आई त्याच्यापुढं बसून केस विंचरते, लुगडं सावरते. म्हणाली, “माझं कोण बघतंय बाई?” मी म्हटलं, “तेच तर आपल्याला ठाऊक नाही.” तिनं पदर डोक्यावर ओढला आणि लेकाला फोन लावला. दुकानांत, दवाखान्यांत, दूध संकलनाच्या खोलीत वायफायचा डबा भिंतीला टांगलेला असतो, आणि त्याचा पासवर्ड त्याच्याच पोटावर चिकटवलेला. जाता-येता कुणीही वाचावा. किल्ली कुलपालाच दोरीनं बांधून ठेवलेली.

मामांच्या मोटारीचा नवा पासवर्ड मामीनं स्वतः घातला. अक्षरं तिला येत नाहीत, आकडे येतात. कुठलं बटण कधी दाबायचं ते मी सांगितलं. आकडे टाकायची वेळ आली तशी ती थांबली आणि म्हणाली, “तोंड तिकडं कर.” मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तिची बोटं हळूहळू बटणं दाबत होती. बराच वेळ लागला.

तुम्ही हे वाचताय, तर पुरवणी बाजूला ठेवा आणि उठा. मोटारीचा डबा, ओसरीवरचा कॅमेरा, वायफाय, दाराची घंटा, घरात फोनला जोडलेलं जे जे आहे त्या प्रत्येकापाशी जा. येताना आलेला पासवर्ड काढा. प्रत्येकाला वेगळा द्या. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, गावात कोरलेलं काही नको. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहा आणि वही कपाटात, कुलपात ठेवा. उद्या नाही, आत्ता. मला फोन करून ‘ताई, लेख वाचला, फार वाईट वाटलं’ असं सांगू नका. बदला. आणि काय ठेवलात, ते मलाही सांगू नका.